पाटी पुसू नका: प्रगत कर्करोग असलेले वडील आणि घरातल्या आठवणी

मी सोलापुरात, रुग्णाच्या घरी जाऊन उपशामक सेवा, म्हणजे बरा न होणाऱ्या आजारात दुखणं आणि त्रास कमी करणारी सेवा, देणाऱ्या एका छोट्या गटात समुपदेशक म्हणून काम करते. इथे लिहिलेलं प्रकरण एका कुटुंबाच्या चार महिन्यांचं आहे, दिवाळीनंतर सुरू झालेलं आणि फेब्रुवारीअखेर संपलेलं. ओळख पटू नये म्हणून वयं आणि काही तपशील बदलले आहेत, नावं मुद्दामच घेतलेली नाहीत. लिहून झाल्यावर पत्नीने आणि मुलीने वाचून होकार दिला. मुलाने एक दुरुस्ती सांगितली, ती शेवटी येईल.

पार्श्वभूमी

वडील ४४ वर्षांचे. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात जॉबर. माग बंद पडला की ज्याच्या नावाने हाक जाते, तो जॉबर. मागांच्या खडखडाटात वीस वर्षं काढल्यामुळे घरातही त्यांचा आवाज मोठाच. पत्नी सांगायच्या, "गल्लीच्या टोकाला गाडी लावली की घरात कळायचं, आले म्हणून."

मावा दिवसाला सात-आठ पुड्या. महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली, पण टपरीवर सुपारी, तंबाखू आणि चुना एकत्र घोटून मिळणारा मावा कुठे गेला नाही. जिभेच्या कडेला जखम झाली तेव्हा ती दात लागून झाली असेल म्हणून तीन महिने काढले. तोंडातली जखम तीन आठवड्यांत भरली नाही तर दाखवायलाच हवं, हे त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं.

जखम कर्करोगाची निघाली. शस्त्रक्रियेत जिभेचा मोठा भाग आणि जबड्याचा तुकडा काढावा लागला. खर्च सरकारी योजनेतून झाला. नंतर बार्शीला किरणोपचार झाले. जेवण नाकातल्या नळीने. बोलणं असं राहिलं की फक्त पत्नीला कळायचं, तेही अर्धं. आठ महिन्यांनी मानेत गाठ आली, ती वाढून त्वचेवर फुटली. डॉक्टरांनी सांगितलं की आता पुन्हा शस्त्रक्रिया नाही. कमी मात्रेच्या केमोच्या गोळ्या नळीतून द्यायच्या, आजार जितका रोखता येईल तितका रोखायचा.

घर शहराच्या पूर्व भागात, दोन खोल्यांचं. पत्नी ३८ वर्षांच्या, घरी बसून टॉवेलच्या कडा शिवायचं काम करतात, पैसे नगावर. मुलगी १६ वर्षांची, अकरावीला. मुलगा ९ वर्षांचा, चौथीत. आणि वडिलांची आई, सत्तरीतल्या आजी.

अडचण

आम्हाला बोलावलं ते दुखणं आणि जखमेचा वास यासाठी. दुसऱ्या भेटीत पत्नी मला दाराबाहेर घेऊन आल्या. म्हणाल्या, "ताई, पोरांना पुढं आठवायला काहीतरी चांगलं राहू द्या. सध्या ती ह्यांच्याकडं बघतच नाहीत."

मुलांना सांगितलं होतं की पप्पांच्या मानेला गळू झालंय. मुलगी सगळं जाणून होती, तिने मोबाइलवर शोधलं होतं, पण आईला कळू देत नव्हती. मुलगा बाहेरच्या खोलीत अभ्यास करायचा आणि आतल्या खोलीत पाऊल टाकायचा नाही. आजीला वाटायचं, पोरगा वासाला घाबरतो. मलाही तसंच वाटलं. ते अर्धंच खरं होतं.

वडिलांशी बोलायचं साधन म्हणजे मुलाची एक जुनी पाटी. ते पेन्सिलने लिहायचे, वाचून झालं की पत्नी पदराने पुसायच्या.

इथे माझी पहिली चूक झाली. आठवणी म्हटल्यावर माझ्या डोक्यात सगळ्यात आधी व्हिडिओ आला. मी म्हटलं, "दादा, मुलांसाठी एखादा व्हिडिओ करू या का?" आणि खिशातून मोबाइल काढलासुद्धा. त्यांनी खांद्यावरचा टॉवेल डोळ्यांपर्यंत ओढला आणि भिंतीकडे तोंड केलं. अर्धा जबडा गेलेल्या, मानेवर पट्टी असलेल्या माणसाला मी कॅमेरा दाखवला होता. त्या दिवशी मग ते माझ्याशी काही लिहून बोलले नाहीत.

समोर असलेले पर्याय

घरात प्रत्येकाच्या मनात वेगळं होतं. पत्नीच्या भावाचं, म्हणजे मुलांच्या मामाचं म्हणणं, एकदा तिरुपतीला घेऊन जाऊ, गाडी मी करतो. वडिलांच्या मोठ्या भावाला मुंबईला नेऊन दुसरं मत घ्यायचं होतं आणि त्यापुढे बाकीच्या गोष्टी त्यांना वेळेचा अपव्यय वाटत होत्या. पत्नीला एक फॅमिली फोटो हवा होता, स्टुडिओतला. आजी म्हणत होत्या, पोरांच्या डोक्याला ताप नको, त्यांना काही सांगू नका, जमलं तर थोडे दिवस मामाकडे पाठवा. मुलगी गप्प होती. मुलाला कोणी विचारलंच नव्हतं.

आणि ज्यांच्या आठवणी करायच्या, त्या वडिलांनाही विचारलेलं नव्हतं. तिसऱ्या भेटीत मी मोबाइल पर्समध्ये ठेवला, खाली बसले आणि विचारलं, "दादा, तुम्हाला काय हवंय?" त्यांनी बराच वेळ पेन्सिल धरून ठेवली. मग लिहिलं: "पाहुणा करू नका. कामात घ्या."

पुढचं सगळं मी या दोन वाक्यांवर पारखत गेले. तिरुपती त्यात बसत नव्हतं. मोठा प्रवास, नळी, जखम, रांग. मामाने ते ऐकून घेतलं. स्टुडिओतला फोटो वडिलांनीच नाकारला. मुंबईचा प्रश्न मात्र सहज सुटण्यातला नव्हता, कारण दुसरं मत मागण्यात काहीच गैर नाही आणि मोठ्या भावाच्या मनाला ते टोचत राहिलं असतं. आमच्या डॉक्टरांनी सुचवलं की रुग्ण घरी राहू दे, फाइल जाऊ दे. काका सिद्धेश्वर एक्सप्रेसने रात्री निघाले, रिपोर्ट आणि स्लाइड (गाठीच्या तुकड्याच्या तपासणीच्या काचपट्ट्या) घेऊन. तिथेही इथल्यासारखंच मत पडलं. काका परतले ते थकून, पण त्यानंतर ते भावाच्या उशाशी बसू लागले. त्यांचं बसणं त्या फाइलच्या प्रवासामुळे शक्य झालं, असं मला वाटतं.

काय केलं

सगळ्यात आधी दुखणं. ते आटोक्यात येईपर्यंत आठवणींची भाषा करणं मला क्रूर वाटतं. डॉक्टरांनी मॉर्फिनच्या साध्या गोळ्या सुरू केल्या, पाण्यात विरघळवून दर चार तासांनी नळीतून, रात्रीचा डोस दुप्पट म्हणजे झोपमोड नको. सोबत पोट साफ होण्याचं औषध, कारण मॉर्फिनने बद्धकोष्ठ होतोच. पत्नी घाबरल्या होत्या. मॉर्फिन म्हणजे शेवट, किंवा मॉर्फिन म्हणजे व्यसन, ही भीती जवळजवळ प्रत्येक घरात भेटते. दुखण्यासाठी, मोजून, वेळेवर दिलेलं मॉर्फिन माणसाला जागं आणि बोलतं ठेवतं, हे त्यांना पटलं ते चार दिवसांनी, जेव्हा वडील उठून खुर्चीत बसले.

वासासाठी मेट्रोनिडाझोलच्या गोळ्यांची पूड जखमेवर, रोज पट्टी बदलताना. आठवडाभरात फरक पडला. त्याआधी घरात तीन-तीन उदबत्त्या लागायच्या आणि त्या धुराने वडिलांना खोकला यायचा. त्या बंद केल्या.

आम्ही एक वही ठेवून त्यांचे बरे तास शोधले. सकाळी दहा ते बारा. पुढे जे काही घडलं ते बहुतेक याच दोन तासांत.

मुलाला सांगणं

नऊ वर्षांच्या मुलाला मरण म्हणजे काय ते कळतं. मोठ्यांनी कुजबुज केली की ते त्याला जास्तच कळतं, आणि उरलेल्या जागा तो आपल्या मनाने भरतो. आजींना हे पटायला वेळ लागला. शेवटी ठरलं की आई सांगेल, मी जवळ बसेन, आणि वडील समोर असतील. आजाराचं नाव घ्यायचं, गळू म्हणायचं नाही. आम्ही तीन गोष्टी पक्क्या केल्या होत्या: हे तुझ्यामुळे झालेलं नाही, हे तुला लागणार नाही, आणि तुझ्याकडे कोण बघणार ते ठरलेलं आहे.

पहिली गोष्ट आईने सांगितली तेव्हा मुलगा एकदम म्हणाला, "पण मावा मीच आणायचो."

खोलीत कोणी बोललं नाही. आम्ही ते वाक्य सगळ्या मुलांना सांगतो म्हणून त्यालाही सांगितलं होतं. त्याच्या बाबतीत ते इतकं नेमकं लागेल असं कोणाला ठाऊक होतं? दुसरीत असल्यापासून तो टपरीवर जायचा. पप्पा दहाची नोट द्यायचे, उरलेल्या पैशांची गोळी त्याची. ऑपरेशन झाल्यापासून, म्हणजे वर्षभर, तो हे मनात घेऊन फिरत होता. आतल्या खोलीत तो फक्त वासामुळे येत नव्हता असं नाही. तो कशासाठी येत नव्हता ते आता कळलं.

वडिलांनी हाताने पाटी मागितली. हात थरथरत होता, अक्षरं मोठी आली.

"तू नाही. मी मागितलं, तू आणलंस. चूक माझी. तू माझं ऐकलंस."

मुलाने दोनदा वाचलं. मग वडिलांच्या पायाशी बसला. पत्नीने सवयीने पदर पुढे केला, तसं त्याने पाटी ओढून घेतली. "पुसू नका." ती त्याने दप्तराच्या मागे, भिंतीला टेकवून ठेवली आणि वरून प्लास्टिकची पिशवी घातली.

आता घरात पाटी नव्हती. संध्याकाळी मुलगी कोपऱ्यावरून दोनशे पानी वही घेऊन आली.

या घरातलं आठवणींचं सगळ्यात मोठं काम त्या संध्याकाळी झालं आणि ते माझ्या सूचनेने झालं नाही. इतके दिवस एक माणूस लिहून बोलत होता आणि त्याचं बोलणं रोज पुसलं जात होतं, हे आमच्यापैकी कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. एका मुलाने पाटी पुसू दिली नाही, म्हणून वही आली.

वही

फेब्रुवारीपर्यंत पाच वह्या भरल्या. त्यांत फक्त वडिलांचं अर्धं संभाषण आहे. समोरच्याने काय विचारलं ते वाचणाऱ्याने ओळखायचं. "नाही, डावीकडचा स्क्रू." "किती मार्क?" "आईला झोपू दे." "काकाकडून ३००० येणं आहे, मागू नको, तो देईल." "फॅन कमी." पत्नी म्हणतात, यात काहीच विशेष नाही, आणि पुन्हा पान उलटतात.

एका सकाळी मुलीने विचारलं की टॉवेलला फंदे कसे पडतात. जन्मापासून टॉवेलच्या धाग्यात राहिलेल्या पोरीने हे कधी विचारलं नव्हतं. वडिलांनी दोन पानं आकृती काढली. टॉवेलच्या मागाला दोन बीम, म्हणजे ताण्याचे उभे धागे गुंडाळलेले रूळ, असतात. एकाचा ताणा घट्ट, दुसऱ्याचा सैल. दोन आडवे धागे जरा मागे सोडायचे, तिसऱ्याला फणी पूर्ण ठोकते, तिन्ही एकत्र पुढे सरकतात आणि सैल बीमचा धागा वर उठून फंदा होतो. खाली लिहिलंय, "सैल किती सोडायचा ते कानाने कळतं. मागाचा आवाज बदलतो." मुलीने विचारलं असावं, आवाज कसा बदलतो, कारण पुढची ओळ अशी आहे: "ते लिहिता येत नाही. कारखान्यात ये."

कारखान्यात ती गेली. मालकाची परवानगी काढून मामा घेऊन गेला, आणि वडिलांच्या हाताखाली शिकलेल्या माणसाने तिला माग दाखवला. परत आल्यावर तिने बापासमोर आवाज काढून दाखवला. "पहिला चूक, दुसरा बरोबर," असं वहीत आहे.

मी जो व्हिडिओ करायला निघाले होते त्यात हे आलं असतं का? त्यात त्यांनी मुलांना उपदेश केला असता, रडले असते, आणि सगळ्यांनी तो एकदा पाहून ठेवून दिला असता.

आवाज

वहीत आवाज नव्हता. पत्नीला नेमकी तीच खंत होती. "ह्यांचा आवाज मला आठवेना झालाय," हे त्या भाकरी थापताना, माझ्याकडे न बघता म्हणाल्या.

मुलीला सुचलं की पप्पा टाइप करायचा कंटाळा करायचे, व्हॉट्सअ‍ॅपवर आवाजच पाठवायचे. स्वतःचा मोबाइल बदलल्यामुळे तिथे काही नव्हतं. पण पाठवलेला आवाज ज्याला पाठवला त्याच्याकडे असतो. तिने मामाला, काकांना, कारखान्यातल्या लोकांना, दूधवाल्याला, सूत पोचवणाऱ्या टेम्पोवाल्याला विचारलं. आठवडाभरात चौतीस आवाज गोळा झाले. बीम संपत आलाय, लवकर पाठव. आज दूध अर्धा लिटर जास्त. एका ठिकाणी नुसतं हसणं, कशावर ते कोणालाच आठवत नाही. एक मामाच्या मुलाच्या मोबाइलवर, या घरातला मुलगा तिकडे खेळायला गेला असताना पाठवलेला: "कुठं हैस बे? घरला ये की. जेवायचं थांबलंय सगळं."

इथे थांबून विचार करावा लागला. हे वडिलांना ऐकवायचं का? गेलेला आवाज कानावर पडणं त्यांना सोसेल का? मुलीला सरप्राइज द्यायचं होतं. मी तिला आधी विचारायला लावलं आणि तो निर्णय मला आजही बरोबर वाटतो. वडिलांनी लिहिलं, "उद्या. डोस नंतर." दुसऱ्या दिवशी त्यांनी डोळे मिटून तीन-चार ऐकले. हसण्याचा आला तेव्हा हात वर करून थांबवलं. आम्हाला वाटलं, पुरे झालं. त्यांनी बोटाने गोल केलं. पुन्हा लावा.

सगळे आवाज पेन ड्राइव्हवर घेतले, एक प्रत मामाकडे दिली. कोणाचाही मोबाइल हरवतो, बदलतो, भरला की लोक जुनं काढून टाकतात. हे काम पुढे ढकलण्यासारखं नाही.

मरून टॉवेल

हे लिहायला जड जातं, पण वगळलं तर प्रकरण खोटं होईल. मानेतल्या मोठ्या रक्तवाहिनीजवळ गाठ पोचली की एखाद्या दिवशी अचानक मोठा रक्तस्राव होऊ शकतो. रक्त पांढऱ्या चादरीवर फार दिसतं, आणि जे दिसलं ते मुलांच्या डोळ्यांत राहतं. म्हणून अशा घरात गडद रंगाचे टॉवेल हाताशी ठेवतात. वेळ आली तर कुशीवर वळवायचं, टॉवेलने दाबून धरायचं, झोपेचं औषध द्यायचं, माणसाजवळ थांबायचं.

पत्नीला हे आधी सांगायचं की नाही यावर आमच्या गटात मतभेद होते. आमच्यातल्या एकाचं म्हणणं, जे कदाचित होणारच नाही त्याची धास्ती कशाला? मी सांगावं या बाजूची होते, कारण रात्री दोनला ती बाई एकटी असणार. सांगितलं. वडिलांनी ऐकलं आणि वही ओढली. "मरून. जाड पैकी. एक डझन." कारखान्यातून टॉवेल आले, पैसे कोणी घेतले नाहीत. पत्नीने त्यांच्या कडा स्वतः शिवल्या.

मुलीला कारण सांगितलं. मुलाला इतकंच, की रक्त आलं तर ताई तुला शेजारच्या काकूंकडे नेईल.

गड्डा

संक्रांतीची सिद्धेश्वरांची यात्रा, म्हणजे सोलापूरकरांचा गड्डा, हा या घराचा सण. दरवर्षी वडील मुलाला खांद्यावर घेऊन संमती कट्ट्यावरच्या अक्षता सोहळ्याला, म्हणजे सिद्धेश्वरांच्या प्रतीकात्मक लग्नाला, जायचे. पांढऱ्या बाराबंदीतले मानकरी, सात नंदीध्वज (सजवलेल्या उंच काठ्या), आणि गर्दीतून उठणारा "एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र". या वर्षी काय करायचं ते डिसेंबरपासून घोळत होतं. गर्दीत नेणं शक्य नव्हतं. मामाने विजापूर वेशीजवळ, मिरवणुकीच्या वाटेवर एका ओळखीच्यांची गच्ची मिळवली. खुर्चीतून जिना चढवायला चार जण, डोसची वेळ, पट्टी, परतीची गाडी, सगळं मी कागदावर उतरवलं होतं.

भोगीच्या आदल्या दिवशी आजी तीळ भाजत होत्या. नवऱ्याला खाता येत नाही म्हणून पत्नी महिनोन् महिने स्वयंपाक दार लावून करायच्या, मुलं जिन्यात बसून जेवायची. त्या दिवशी वहीत आलं, "दार उघडं ठेव. वास येऊ दे." मग, "मलाही." आजींनी गुळाचं पाणी गाळून दिलं, मुलीने नळीतून सोडलं, आणि कापसाचा बोळा गुळाच्या पाण्यात बुडवून मुलाने त्यांच्या ओठांना लावला. हे कोणाच्या यादीत नव्हतं.

अक्षतेच्या आदल्या रात्री जखमेतून रक्त आलं. थोडंच होतं, वीस मिनिटांत थांबलं. सकाळी वडील खूप गळून गेले होते. त्यांनी लिहिलं, "मी नाही. तुम्ही तिघं जा. आई बसेल." पत्नीने मला फोन केला. त्या चिडलेल्या होत्या, "ह्यांना असं टाकून कसला गड्डा?" मी सांगितलं की दोन्ही बाजूंनी विचार करा, त्यांची इच्छा काय आहे तेही बघा. माझं बोलणं लांबलं. शेवटी पत्नी घरी थांबल्या आणि मुलं मामाबरोबर नेहमीच्या जागी गेली.

व्हिडिओ कॉल करायचं ठरलं होतं, पण लाखांच्या गर्दीत नेटवर्क लागलं नाही. मुलीने भावाला खांद्यावर घ्यायचा प्रयत्न केला, ते झेपलं नाही, मग मामाने घेतलं. तिने चित्रीकरण केलं ते संध्याकाळी वडिलांनी पाहिलं. त्यात चित्र हलतं, नंदीध्वज नीट दिसतही नाहीत, मुलाचा "हर्र" मात्र सगळ्यांवर चढलेला ऐकू येतो. वडील बोटाने खाटेच्या पट्टीवर ताल धरून होते. मुलाने मुठीत घट्ट धरून आणलेल्या अक्षता त्यांच्या अंगावर टाकल्या. त्या मरून टॉवेलच्या फंद्यांत अडकल्या. झटकून निघेनात. पुढे कित्येक दिवस पट्टी बदलताना एखादा दाणा हाताला लागायचा.

शेवटचे दिवस

फेब्रुवारीच्या मध्यापासून झोप वाढली. वहीतली अक्षरं ओळी सोडून जाऊ लागली. आजींनी पुन्हा मुलाला मामाकडे पाठवायचं काढलं. या वेळी मुलालाच विचारलं. तो म्हणाला, शाळेत जाईन आणि घरी येईन. त्याच्या बाईंना आम्ही आधी कल्पना देऊन ठेवली होती. मोठा रक्तस्राव झाला नाही. नळीतून औषध जाईना तेव्हा मॉर्फिन त्वचेखालच्या सुईतून दिलं. एका पहाटे श्वास थांबला तेव्हा पत्नी आणि आजी जवळ होत्या. मुलांना उठवून आणलं, घाई न करता बसू दिलं.

वहीतला शेवटचा वाचता येणारा शब्द "पाणी" आहे. पत्नीला आधी त्याचं वाईट वाटायचं, काहीतरी मोठं लिहून जायला हवं होतं असं. आता त्या म्हणतात, पाणी मीच दिलं.

वेगळं काय करता आलं असतं

व्हिडिओची चूक मी वर सांगितली. दुसरी चूक अक्षतेच्या तारखेची. आम्ही सगळी ताकद एका दिवसावर लावली आणि या आजारात नेमका तोच दिवस हातचा जातो. नंदीध्वजांचा सराव यात्रेच्या आधीपासून चालू असतो. एखाद्या निवांत संध्याकाळी तो दाखवायला नेता आलं असतं. हे मला सुचायला हवं होतं.

त्या सकाळच्या फोनबद्दल पत्नीचा माझ्यावर थोडा राग आहे आणि त्यांनी तो मला सांगितला आहे. त्यांना त्या वेळी दोन बाजू ऐकायच्या नव्हत्या. "जा, मी येऊन बसते" एवढंच हवं होतं. माझ्या घरापासून ते घर वीस मिनिटांवर होतं.

मुलाशी बोलणं आधी व्हायला हवं होतं, ऑपरेशनच्याच वेळी. पण तेव्हा आम्ही त्या घरात नव्हतो. कर्करोगाच्या उपचारात घरातल्या मुलांना काय वाटतंय हे विचारणारं माणूस पहिल्या दिवसापासून कोणीतरी असावं, यासाठी मी आता ज्या डॉक्टरांशी बोलणं होतं त्यांच्या मागे लागते.

आणि सगळ्यात जास्त बोचतं ते आजींचं. त्यांना वाचता येत नाही. लेकाचा आवाज गेला त्या दिवशी त्यांचं लेकाशी बोलणं संपलं. पाटी काय, वही काय, त्यांना दोन्ही सारखीच. घरात सगळे पानं उलटत असताना त्या चुलीशी बसलेल्या असायच्या आणि मी त्यांना फक्त मुलांना सांगायला विरोध करणारी आजी म्हणून बघत राहिले. रोज संध्याकाळी त्या लेकाच्या पायांना खोबरेल लावायच्या, बोट न् बोट, अर्धा-अर्धा तास. ते त्यांचं संभाषण होतं. मी ते कित्येकदा पाहिलं आणि नोंदीत एकदाही लिहिलं नाही. वडिलांचा हात आजींच्या डोक्यावर ठेवून घ्यायला, एखादा आवाज आधी आजींना ऐकवायला किती वेळ लागला असता?

आता

पेन ड्राइव्ह देव्हाऱ्याखालच्या खणात आहे. मुलीने एकदा ऐकला, पत्नीने अजून नाही. मुलगा "घरला ये की" हा एकच आवाज मधूनमधून मागतो. मरून टॉवेलपैकी दोन वापरले गेले होते. उरलेले पत्नीने ठेवायचे की द्यायचे हे बरेच महिने ठरवलं नाही, मग एक दिवस ते घरात रोजच्या वापराला काढले.

मुलाची दुरुस्ती अशी. मी आधीच्या मसुद्यात एका ठिकाणी "वडिलांची पाटी" असं लिहिलं होतं. मुलगी वाचून दाखवत होती तेव्हा त्याने तिला थांबवलं. म्हणाला, "पाटी माझी आहे. पप्पांना मी वापरायला दिली होती."